शिमग्याच्या तोंडावरचं सांबर

माझ्या वडलांना जगातल्या दोन गोष्टी नीट कळायच्या, भात आणि सांबर. भाताबद्दल ते फार बोलायचे नाहीत. सांबराचं नाव निघालं की मात्र समोरच्याचा चहा गार होवो की त्याची गिरणीची पाळी चुको, त्याला उठू द्यायचे नाहीत. आमचं गाव कणकवलीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. दिवाळी झाली, भात घरात आलं की गावची पारध सुरू व्हायची ती शिमग्याला आटपायची. बाबा त्या पारधीचे पुढारी. खांद्याला ठासणीची बंदूक, कमरेला कोयता आणि तोंडात अखंड शिव्या. पोरींना पारधीला कोण नेणार? पण आई चुलीशी भाकऱ्या भाजायची, बाबा पाटावर बसून दिवसाचं रान सांगायचे, आणि मी ऐकत राहायची. त्यातच सगळं पाठ झालं.

त्यांचं म्हणणं असं, की दिवाळीनंतर लगेच कोणीही उठावं आणि शिकार करावी, त्यात काय मोठेपणा नाही. रानात तेव्हा तरणे नर असतात, त्यांना बंदूक ठाऊक नसते. हाकाऱ्यांनी डबे बडवले, आरडाओरडा केला की ते पहिल्याच आवाजाला उठतात आणि मळलेल्या वाटेने सरळ खाली पळत सुटतात. त्या वाटेच्या तोंडाशी बंदूकवाला बसलेलाच असतो. शिमग्याच्या तोंडावर रानात जो नर उरतो तो हे सगळं बघून उरलेला असतो, आणि त्याचं चालणंच वेगळं.

"तो उठनाच नाय," बाबा सांगायचे. "आधी आयकता. हाको खंयसून येता, वारो खंयसून येता. करवंदीच्या जाळयेत मान जमनीक लावन बसतलो. हाकारे हातभर अंतरान जातले, तरी हलाचो नाय. ते फुडे गेले की मगे उठतलो आणि ते इले त्याच वाटेन उलटो जातलो."

शिवाय रान तेव्हा वाळलेलं असतं, पाऊल टाकलं की पान वाजतं. म्हणून म्हातारा नर सकाळ-संध्याकाळ हिंडायचं सोडून देतो. भर दुपारी, हाकारे भाकरी सोडून बसले की तेवढ्या वेळात तो इकडचा तिकडे होतो. जवळच्या व्हाळाला पाण्यावर जात नाही, लांबच्या झऱ्यावर जातो. एकदा बार ऐकला त्या वाटेला पुन्हा पाय लावत नाही. आणि उघड्यावर यायची वेळ आलीच, तर आधी मादीला पुढे सोडतो. ती सुखरूप पार झाली की मग हा. हे शेवटचं सांगताना बाबा मांडीवर थाप मारून हसायचे. "काय डोक्या आसा बघ मेल्याचा!"

मी लालबागला लग्न होऊन आले, त्यानंतरच्या दुसऱ्या शिमग्याच्या आधी बाबा मुंबईला आले. मोतीबिंदू पिकला होता, परळच्या इस्पितळात काढून घेतला. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून आमच्या खोलीत चटईवर बसून होते आणि चडफडत होते. गावची पारध आटपत आली होती आणि हा माणूस चाळीत अडकलेला! ज्याला त्याला पकडून सांबर ऐकवत बसायचे. माझा नवरा त्यांचं पहिलं गिऱ्हाईक.

माझा नवरा गिरणीत साच्यावर, कापड विणायला, होता. तेव्हा मी त्याला 'हे' म्हणायची. पुढे जन्मभर भांडून 'तो' म्हणायचा हक्क मिळवलाय, तोच इथे वापरते. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे, याचं त्याला वेड लागलं होतं. वेड म्हणजे वेडच. सभेच्या सतरंज्या घालण्यापासून मोर्चाच्या तोंडावर झेंडा धरण्यापर्यंत सगळीकडे हा पुढे. गोळीबार होऊन गेले, माणसं मेली, आणि त्यानंतर गिरणगावात पकडापकडी सुरू झाली. त्याचंही नाव निघालं होतं. आमच्या पलीकडच्या चाळीतला एक जण कोठडीतून सुटून आला, तर त्याला भाताचा घास बोटांत धरता येत नव्हता. बायको भरवायची. साच्यावर काम करणाऱ्याची बोटं गेली म्हणजे काय उरलं? ते मी डोळ्यांनी बघितलं होतं आणि मला पाचवा महिना लागला होता. देवाकडे माझं एकच मागणं होतं. हा पोलिसांच्या हाती लागू नये. बाकी मुंबई कोणाला जायची त्याला जाऊ दे.

पहिली धाड आली ती दुपारची. बाबांचं सांबर चाललंच होतं, नवरा हसत हसत ऐकत होता. खालून शिट्टी वाजली. आमच्या चाळीत शिट्टी म्हणजे पोलीस. गॅलरीत धावाधाव झाली, तरणी पोरं जिन्यावरून धडाधड खाली पळाली. नवऱ्याने एक पाय चपलेत घातला.

"बस!" बाबा ओरडले. जावयाला एरवी 'तुमी' म्हणणारा माणूस, पण त्या वेळी तोंडातून 'तू'च आलं. "खुळो काय तू? खाली वाटेर बसलेच आसत ते. हलू नको."

"मामानू, हंय बसलंय तर गावतलंय ना!"

"हंय बसा नको. पण पळा पण नको."

शेजारच्या खोलीत मावशीची खानावळ होती. रात्रपाळीची माणसं ओळीने बसून जेवत होती. बाबांनी त्याचा सदरा ओढून काढला आणि बनियनवर तिकडे ढकलला. मावशी बाई मोठी धीराची. एक शब्द विचारला नाही. पाट सरकवला, ताट ठेवलं, भातावर माशाची आमटी ओतली. "जेव गप. मान वर करू नको," म्हणाली.

बूट जिन्यावरून वर आले. आमच्या खोलीत शिरले, ट्रंक उघडली, माळ्यावर काठी घालून गाद्या ढोसल्या. "नवरा कुठाय?" "कामाला गेलाय," मी म्हटलं. मग ते खानावळीच्या दारात जाऊन उभे राहिले. आत सगळ्या माना ताटात. त्या ओळीतला एक बिचारा, ज्याने कधी कोणाला साधा खडा मारला नव्हता, घाबरून उठून उभा राहिला. झालं! त्याला धरून गॅलरीत काढला आणि त्याची उलटतपासणी सुरू झाली. माझा नवरा जेवतोय. मला दारातून दिसत होता. काटा काढतोय, बोट चाटतोय. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला, की धरून थोबाडीत द्यावी. जेवतोय काय मेला!

पोलीस वरच्या मजल्यावर गेले. नवऱ्याने हात धुतले, तोंड पुसलं आणि पोलीस ज्या जिन्याने वर आले होते त्याच जिन्याने खाली उतरला. खाली फाटकाशी पळून गेलेली पोरं धरून गाडीत कोंबत होते, सगळ्यांचे डोळे तिकडे. हा बाजूने निघून गेला.

बाबा गॅलरीच्या कठड्याला धरून एका डोळ्याने बघत होते. "हाकेच्या पाठसून गेलो," ते म्हणाले. "माझो जावय!" आनंदाने त्यांचा चेहरा फुलला होता. मी मोरीत जाऊन ओकले.

तेव्हापासून तो घरी आला नाही. आधी घोडपदेवला कोणाकडे तरी होता, मग गिरगावात एका छापखान्याच्या मागे, मग भायखळ्याच्या भाजीबाजारात हमालांत मिसळला. एका ठिकाणी फार राहायचा नाही, गेलेल्या वाटेने परत यायचा नाही. बाबांचे धडे गिरवत होता की आपोआप सुचत होतं, देव जाणे. मावशी खानावळीची भाजी आणायला भायखळ्याला जायची, तिच्याकडून निरोप यायचा, तोही एखाद्या शब्दाचा. 'बरा आसा.' 'जागा बदलली.' मला बजावून ठेवलं होतं की तिकडे फिरकायचं नाही.

"मादी पाणयार जाता आणि तिच्या पाठसून शिकारी जाता," बाबा म्हणायचे. "तू हंयच रव. तू गेलंस की तो मेलो."

मी काय मादी आहे? पण मागावर माणूस होताच, हे खरं. आमच्या चाळीसमोरच्या चहाच्या दुकानात एक हवालदार साध्या कपड्यांत येऊन बसायचा. मुंबईच्या पोलिसांत आमच्याच मुलखातली माणसं, तसाच हाही. माझ्या नवऱ्याच्या गावाला लागून नदीपलीकडे त्याचं गाव. गोड बोलायचा. "वैनी, तब्येत बरी मा? मालकांचा काय पत्र-बित्र?" मी पाण्याची कळशी त्याच्या पायाजवळ आपटायची. बाबांनी त्याला गॅलरीतून एकदाच बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ह्यो पारधीतलो माणूस आसा," ते म्हणाले. "बघ, कसो बसलोहा. पाठीक भिंत, तोंड फाटकाकडे, आणि घाई नाय. घाई नसलेल्या शिकाऱ्याक मी भियतंय."

तरीही मी गेले. किती दिवस माणसाने ऐकावं? एका सकाळी मावशीबरोबर पिशवी घेऊन भायखळ्याला गेले. नुसतं बघायचं, बोलायचं नाही, असं मावशीला वचन दिलं. बाजारात चिखल, कोबीचे पाले, बैलगाड्या. आणि समोरून तो आला. दाढी वाढलेली, डोक्यावर कोबीची पाटी, बंडी घामाने भिजलेली. हात पुढे केला असता तर लागला असता इतक्या जवळून गेला. माझ्याकडे बघितलं नाही. नुसतं टाळलं असतं तरी समजले असते. त्याच्या नजरेत मी नव्हतेच. तिथे कोणीच नसल्यासारखा तो माझ्या अंगावरून पुढे निघून गेला. मी माझं वाढलेलं पोट पदराखाली धरून उभी. मला रडू फुटलं आणि रागाच्या भरात मी किडकी वांगी घेतली.

परत येताना मावशी म्हणाली, "नारळवाल्याकडे बघितलंस?"

"काय बघायचंय नारळवाल्याकडे?"

"हवालदार होता तुझा. दुकानात पाठमोरा. घरापासून आपल्या मागं आला असणार. तुला दिसला नाही, पण त्याला दिसला."

मग कळलं त्याने का बघितलं नाही. कळलं, पण दुखणं कमी झालं नाही. माणूस इतकं चांगलं शिकू शकतो, याचीच मला भीती वाटायला लागली.

अशात शिमगा आला. आता इथे आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. मुंबईची होळी संध्याकाळी पेटते. माझ्या नवऱ्याच्या गावाचा होम मात्र उन्हं डोक्यावर आली की लागतो, आणि मुंबईत राहणारी गावची माणसं लालबागच्या चाळीच्या पटांगणातही तो भर दुपारीच लावायची. त्या होमात पहिला नारळ घालायचा आणि देवाला गाऱ्हाणं घालायचं, हा मान आमच्या घराचा. सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात पुरुष एकटा माझा नवरा. तो उभा राहिला नाही तर मान चुलत घराकडे जाणार, आणि एकदा गेलेला मान सात पिढ्या परत येत नाही. आता तुम्ही म्हणाल, एका नारळासाठी कोणी अटक ओढवून घेतं का? घेतं. आमच्याकडे नारळावरून डोकी फुटलेली आहेत, सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला गेलेले नाहीत.

मावशीने निरोप आणला. 'येतलो.'

मी म्हटलं, "त्यांना सांगा, येऊ नका. मान गेला खड्ड्यात. चुलतभावाला घालू दे नारळ, त्याच्या नारळाला काय पाणी कमी असतं?"

बाबाही तेच म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते सांबर सांगताना हसले नाहीत. कितीही शिकलेला नर असला तरी त्याचं एक झाड असतं. दरवर्षी शिंगं घासायला तो त्याच झाडाशी येतो. झाडाची साल गेलेली असते, गावाला ठाऊक असतं. "सगळीकडसून वाचता, आणि थंय मरता," ते म्हणाले. "त्या हवालदाराक काय ठावक नाय? तो नारळाचीच वाट बघता." मावशी आमचा निरोप घेऊन गेली. उत्तर आलंच नाही.

होमाच्या दिवशी सकाळपासून पटांगणात लाकडं रचली जात होती. ढोल आला. हवालदार चहाच्या दुकानातून उठून पटांगणाच्या कडेला आला होता. बरोबर आणखी तिघे, धोतर-टोपीतले, गर्दीत इथे-तिथे उभे. बाबा एका डोळ्याने त्यांना हेरत होते. फाटकाशी एक. मागच्या गल्लीच्या तोंडाला एक. जिन्याशी एक. "वाटा धरल्यानी," ते पुटपुटले.

उन्हं चढली तेव्हा मावशी धापा टाकत आली. नवरा समोरच्या चाळीत येऊन पोचला होता, कोणाच्या तरी खोलीत होता. आणि त्याने निरोप दिला होता तो मावशीने मान खाली घालून सांगितला. "पहिली तिला नारळ घेऊन होमाकडे जाऊ दे म्हणाला. तिला कोणी अडवलं नाही, तर मी येतो. अडवलं तर मी फिरून जातो."

मी बाबांकडे बघितलं. मांडीवर थाप मारून ज्या गोष्टीला ते जन्मभर हसले, तीच त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली होती आणि पुढे सोडायची मादी म्हणजे त्यांची पोटुशी लेक होती.

"मी जातंय नारळ घेवन," ते म्हणाले.

"तुमचा नारळ चालत नाही, बाबा. तुम्ही व्याही."

"मगे कोणच जाव नको!"

पण मी उठले होते. राग म्हणजे काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. बघूया तर खरं, म्हटलं, हा किती मोठा नर झालाय. कोबीच्या पाटीखालून माझ्याकडे न बघता गेलास, आता बघ. आणि रागाच्या तळाला दुसरंही होतं, ते खोटं कशाला सांगू? कोणी अडवलंच नाही तर तो नारळ घालेल आणि गर्दीतून निसटेल, असंही मनात होतं. मी कपाळाला मोठं कुंकू लावलं, नारळ पदरात घेतला आणि खाली उतरले.

बाई होमाजवळ नारळ घेऊन येतेय म्हटल्यावर ढोल थांबला. कुजबुज सुरू झाली. चुलतदीर पुढे आला, "वैनी, ह्या काय?" मी त्याला वळसा घालून पुढे गेले. लाकडांना आग लागली होती, धग तोंडावर येत होती. हवालदार सावकाश चालत आला आणि माझं मनगट धरलं. जोरात नाही, पिरगाळलंही नाही. नुसतं धरलं.

"वैनी, तुमी हंयच रवा," तो म्हणाला.

आणि त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो गॅलऱ्या बघत होता. एकेक मजला, एकेक खांब. मी कशासाठी पुढे आले ते त्याला मी जिना उतरतानाच कळलं होतं. मला धरून ठेवायचं आणि वाट बघायची, एवढंच त्याला करायचं होतं. त्याला घाई नव्हती.

मला ओरडायचं होतं, 'पळा!' पण ओरडले तर तो जवळच आहे हे सांगितल्यासारखं झालं असतं. म्हणून दात आवळून उभी राहिले. मनात एकच चाललं होतं, येऊ नको, येऊ नको. फिरून जा. तूच म्हणालास ना, अडवलं तर फिरून जातो? जा मग. जन्मात तुझं तोंड बघणार नाही, पण जा. पोटात बाळ फिरलं. मनगटावर हवालदाराची बोटं घामाने चिकट झाली होती. सगळी चाळ बघत होती, आणि परक्या पुरुषाने धरलेला माझा हात सोडवायला एक जण पुढे येत नव्हता. पोलिसाला कोण हात लावणार?

शेवटी म्हातारी माणसं म्हणाली, वेळ टळतेय. चुलतदीर होमासमोर उभा राहिला आणि त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वेशीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले.

"आज तुझी लेकरां पोटासाठी परमुलखात इली हत म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"थांब," मागून आवाज आला.

समोरच्या चाळीच्या जिन्यावरून तो उतरत होता. लपतछपत नाही. चपला वाजवत, भर उन्हात, पटांगणाच्या मधोमध चालत आला. लोक आपोआप बाजूला झाले. त्या तिघांपैकी एकालाही धावायची गरज पडली नाही. तो सरळ हवालदाराच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

"तिचो हात सोड," तो म्हणाला.

हवालदाराने तात्काळ माझा हात सोडला आणि त्याच हाताने त्याचा दंड धरला. बाकीचे तिघे येऊन चिकटले.

माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? शिवी निघाली. मग म्हटलं, "कित्याक इल्यात तुमी? फिरान जातंय म्हणालात ना?"

"जाय होतंय," तो म्हणाला. "जिनो उतरलंय पण मागच्या बाजून. मगे पाय परत फिरले. तो तुझो हात धरून उभो होतो गो."

एवढंच. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि त्याने माझ्याकडे बघितलं. महिन्याभराचं सगळं बघणं त्याने त्या एका वेळी बघून घेतलं.

हवालदार क्षणभर घुटमळला. होमाकडे बघितलं, माझ्या पदरातल्या नारळाकडे बघितलं. शेवटी तोही कोकणातलाच. "घाल तुझो नारळ," म्हणाला. "मगे चल."

दंड धरलेलाच होता. नवऱ्याने दुसऱ्या हाताने माझ्याकडून नारळ घेतला, कपाळाला लावला आणि गाऱ्हाणं घातलं. ते जुन्या माणसांसारखं लांबलचक नव्हतं. "बा देवा म्हाराजा! मुंबई आमची आसा, ती आमका मिळान दी रे म्हाराजा! ह्या बायचा बाळंतपण सुखरूप होवन दी रे म्हाराजा! आणि जेणी तिचो हात धरल्यान, त्येका पण चांगली बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं पटांगण म्हणालं. आणि त्यात एक आवाज हवालदाराचा होता. लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघून गेलं असणार. त्याचं त्यालाच कळलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. नारळ आगीत पडला. मग त्यांनी नवऱ्याला फाटकाबाहेर नेलं.

मी खोलीत आले तेव्हा बाबा चटईवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. वरून सगळं बघितलं होतं त्यांनी. "तरणोच निघालो," ते म्हणाले. "येवढा शिकवलंय, शेवटी तरणोच निघालो." आवाजात तुच्छता होती. थोड्या वेळाने तेच शब्द पुन्हा म्हणाले, आणि या वेळी मला त्यांचा आवाज ओळखीचा वाटला नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मी रडले नाही, त्यांनाच थोपटत बसले.

नवऱ्याची बोटं वाचली. त्या हवालदाराने कोठडीत बोटांना कोणाला हात लावू दिला नाही म्हणतात, पण एक कान मात्र गेला, तो दुसऱ्या कोणाच्या हातून. सुटून आला तेव्हा मुलगी रांगायला लागली होती आणि त्याला बघून भोकाड पसरून माझ्या मागे लपली. गिरणीने नाव काढलं होतं. पुढची वर्षं कशी काढली ते माझं मला ठाऊक. मी खानावळीत मावशीच्या हाताखाली भाकऱ्या थापल्या, तो मिळेल ते काम करायचा. मुंबई मिळाली त्या दिवशी चाळीत पेढे वाटले आणि आमच्या घरात रॉकेल नव्हतं.

भांडणं खूप झाली. प्रत्येक भांडणात मी तेच काढायची, "कोणी सांगितलं होतं बाहेर यायला? चांगले फिरून गेला असतात तर आज नोकरी असती, कान असता!" तो चांगला कान दुसरीकडे वळवून बसायचा.

एकदाच, म्हातारपणी, तो शांतपणे म्हणाला, "इतकी वर्षां इचारतंस. खरा सांग, मी फिरान गेलो असतंय तर बरा झाला असता?"

मी चुलीवरचं दूध उतू जातंय म्हणून उठले. दूध उतू जात नव्हतं. तो फिरून गेला असता तर सुटला असता, हे खरं. पण त्या माणसाबरोबर मी उरलेला जन्म काढला नसता.